कानामागचं ऊन

कोर्रेगो फुंदो, रविवार, ३ ऑगस्ट १९९७

प्रिय हुल्डा,

“तुझे आभार मानायचे नसतात ना, मग मी तशीच निघते.”

बसच्या पायरीवर उभं राहून तू हे म्हणालीस, त्याला येत्या मार्चमध्ये बारा वर्षं होतील. चार वर्षांची लेओनी तुझ्या खांद्यावर झोपली होती. तुझ्या एव्हाल्डोला पुरून चार महिने झाले होते. मी ब्रोटची पुरचुंडी पुढे केली. ती तू घेतली नाहीस, तुझ्या दिराने घेतली. रोंडोनियापर्यंतच्या तीन दिवसांच्या वाटेत तुम्ही तो पाव खाल्लात की फेकून दिलात, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

पहिल्या तीन नाताळांना मी पत्रं टाकली. उत्तर आलं नाही, तेव्हा थांबले. याही पत्राला येणार नाही असं धरून चालले आहे. आपली बोली कुणी कागदावर लिहीत नाही, म्हणून शाळेतल्या पोर्तुगीजमध्ये लिहावं लागतं. त्या भाषेत मी अजून बाईंसमोर हात मागे बांधून उभी असल्यासारखी बोलते. तेवढं सांभाळून घे.

लिहिण्याचं कारण असं. मागच्या रविवारी तुझ्या सासूबाई चर्चमध्ये लेओनीच्या कन्फर्मेशनचा फोटो सगळ्यांना दाखवत होत्या. पोर तुझ्याहून उंच झाली की. कपाळ अगदी एव्हाल्डोचं. सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलंय, तू मात्र कोंबडी शोधत असल्यासारखी भलतीकडे बघते आहेस. आणि डोक्याला रुमाल. स्वतःच्या मुलीच्या कन्फर्मेशनला, घरात उभं राहून, हनुवटीखाली गाठ मारलेला रुमाल. डाव्या कानाजवळ तो थोडा फुगलाय. खाली कापसाची घडी असावी.

मी फोटो दोन दिवसांसाठी मागून आणला. बाबांचं भिंग अजून आहे, बियाणं निवडायचं. त्यातून पाहिला. भिंगातून फक्त फोटोचे ठिपके मोठे होतात, हुल्डा, कापसाखालचं काही दिसत नाही.

तुला वाटेल, एड्लाला काय सुचतंय हे. इथे आता वर्षातून एकदा विटोरियाहून डॉक्टरांची बस येते. शनिवारी, चर्चच्या सभागृहात, फक्त कातडी बघायला. एका दिवसात दोनशे माणसं तपासतात, जमेल तेवढ्यांचं तिथेच कापून टाके घालतात, बाकीच्यांना खाली शहरात बोलावतात. मी दारात बसून नावं लिहून घेते. चार वर्षं झाली. त्यामुळे मला एक वाईट सवय लागली आहे. लोक हात मिळवायला हात पुढे करतात आणि मी त्यांचे कान बघते.

तेवढंच विचारायचं होतं. कानाजवळ काय झालंय, आणि किती दिवसांपासून?

इकडचं सांगायचं तर तोडणी संपत आली आहे. दिवसभर अंगणात कॉफी वाळवायला पसरून दंताळ्याने परतत असते. पाठ बोलते आता. आपल्या आईच्या थडग्यावरची गुलाबाची रोपं या थंडीत जगली.

तुझी,
एड्ला

कोर्रेगो फुंदो, रविवार, २८ सप्टेंबर १९९७

प्रिय हुल्डा,

तुझं उत्तर मिळालं. मला नाही, तुझ्या सासूबाईंना, त्यांच्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत. कॉफीची फांदी लागली होती, बाकी काही नाही. आणि एड्लाला म्हणावं, स्वतःच्या नाकाकडे बघ. सासूबाईंनी हे दुकानात, चार माणसांसमोर, मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांना वाटतं सगळ्यांनाच कमी येतं. दुकानदार खोकला.

ठीक आहे. नाकाबद्दल सांगते.

डाव्या नाकपुडीच्या बाजूला एक थेंब आला होता. दंवाचा थेंब गोठावा तसा, चकचकीत. दुखत नव्हता. दोन महिन्यांनी खपली धरायची, तोंड धुताना निघायची, थोडं रक्त यायचं, परत भरून यायचं. असं तीन वर्षं चाललं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी तीन शुक्रवार बोलावून मंतरलं असतं. पण मंतरणाऱ्याला स्वतःवर मंतरता येत नाही. कधी कधी वाटतं, तेवढ्यानेच मी वाचले.

डॉक्टरांची बस पहिल्यांदा आली तेव्हा मी कुतूहल म्हणून गेले. जासीरा नावाची डॉक्टरीण होती, आपल्या मळ्यातल्या मातीच्या रंगाची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिने दिवा धरला, किती दिवस झाले विचारलं. मी तीन वर्षं म्हटलं. तिने माझं शिक्षण विचारलं नाही की रागावली नाही. एवढंच म्हणाली की जे भरून येतं आणि परत फुटतं ते बरं होत नसतं, ते श्वास घेत असतं. त्याच दुपारी सुई टोचून बधिर केलं आणि कापलं. आपण कोंबडी सोलायला जेवढा वेळ घेतो त्याहून कमी लागला. आता तिथे एक खळगा आहे. आरशात मी आधी तोच बघते, मग उरलेली मी.

ती दरवर्षी सभागृहात उभी राहून तेच सांगते आणि आपली माणसं दरवर्षी तेच करतात. आपल्या आजोबांच्या आजोबांना थंड देशातून आणून या उन्हात सोडलं, कातडी मात्र तिकडचीच राहिली, असं ती म्हणते. लहानपणी खाल्लेलं ऊन चाळिशीत वर येतं. दहा ते तीन शेतात जाऊ नका म्हणाली, तर म्हातारा राइनोल्डो उठून म्हणाला, “मग कॉफी काय चुलीवर वाळवू, बाई?” सगळे हसले. तीही हसली. मग वाळवा, पण झाकून, म्हणाली. टोपीला वीतभर कड हवी, मागे मानेवर फडकं हवं, बाह्या मनगटापर्यंत. पुरुष ती पुढे चोच असलेली टोपी घालतात, तिने फक्त कपाळ सावलीत राहतं, कान दोन्हीकडे उन्हाला वाढून ठेवल्यासारखे. आणि वाळवणाच्या सिमेंटवरून ऊन उलटं वर येतं, टोपीच्या कडेखालून. हे मला तिने सांगितलं तेव्हा मी चाळीस वर्षं त्याच अंगणात उभी होते आणि मला ठाऊक नव्हतं.

आणि ती ऊन अडवणाऱ्या मलमाची ट्यूब. ती सगळ्यांना फुकट वाटतात. तुझी मैत्रीण आल्विना आठवते ना? तिने ती कपाटात, लग्नाच्या चादरींशेजारी ठेवली. दर रविवारी चर्चला निघताना तोंडाला नीट लावते. चर्च दहा मिनिटांवर, वाट सगळी झाडीतली. घरी आली की धुऊन टाकते आणि सोमवारी काही न लावता लसूण काढायला जाते. मी विचारलं तर म्हणाली, “शेतात मला बघतंय कोण?” एकटी आल्विनाच नाही, निम्मं खोरं तसंच करतं. डॉक्टरांनी दिलेल्या वेताच्या टोप्या बाहेरच्या खोलीत खिळ्याला, पाहुण्यांना दिसतील अशा. इतकी चांगली वस्तू मातीत कशी न्यायची? मी जासीराबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

तुला एक टोपी आणि दोन ट्यूब पाठवते आहे. रविवारसाठी ठेवू नकोस. तिकडचं ऊन इथल्यापेक्षा सरळ पडतं, आणि तुम्ही जंगल तोडून जमीन केलीत, तिथे सावली उरली नसणार. कानामागे लाव. सगळे गालाला लावतात आणि कान विसरतात.

फांदी लागली असेल तर एव्हाना भरून आलं असेल. आलंय का?

एव्हाल्डोच्या कानाचंही असंच चाललं होतं, भरायचं आणि फुटायचं. पण ते मी आज लिहिणार नाही.

एड्ला

कोर्रेगो फुंदो, रविवार, १६ नोव्हेंबर १९९७

हुल्डा,

लेओनीचं पत्र आलं. तिच्यावर रागावू नकोस. तिने मला कुणाला सांगू नका असं लिहिलं होतं आणि मी दोन आठवडे पाळलं. आता पाळत नाही. ती माझ्याशी परत कधी बोलली नाही तर ते मी सोसेन. तुमच्या घरच्या अबोल्याची मला सवय आहे.

ती लिहिते, टोपी पोचली, खिळ्याला आहे. हे वाचून मला हसू आलं, मग मावळलं.

ती लिहिते, दर शुक्रवारी उजाडायच्या आधी तू उपाशीपोटी घरातून निघतेस आणि सूर्य वर आल्यावर परत येतेस. तिला वाटायचं गाय बघायला जातेस. मग एकदा चुलीच्या राखेत अर्धवट जळलेला कापूस सापडला, रक्ताचा. पुढच्या शुक्रवारी ती तुझ्या मागून गेली. बेचाळीस नंबरच्या रस्त्यावर म्हातारा बोल्ट राहतो, त्याच्या दारात तू न बोलता शिरलीस आणि मागे न बघता बाहेर आलीस. ते बघून तिला काही कळलं नाही. मला कळलं.

चौदा महिने, हुल्डा. तिने हिशेब करून लिहिलंय, शाळेत हुशार असणार. आधी मसुराएवढं होतं. आता कानाच्या पाळीमागून केसांत गेलंय, कडा वर आलेल्या, मध्ये ओलं. जबड्याखाली गाठ आहे का हे तिला माहीत नाही, कारण तू तिला हात लावू देत नाहीस, वेणीसुद्धा स्वतःच घालतेस.

तिने तुला विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस तेही तिने लिहिलंय. “गप्प बस. बरं होईपर्यंत बोलायचं नसतं. माझं तोंड एड्लासारखं सैल नाही.”

हे वाक्य मी चार वेळा वाचलं. मग बाहेर जाऊन डुकरांना खाणं टाकलं, परत आले, परत वाचलं.

मला इतकी वर्षं वाटत होतं की तू माझा द्वेष करतेस म्हणजे मंतरण्याचाही करत असशील. की निदान त्या एका गोष्टीपासून तू दूर असशील. मी किती मूर्ख. तू मंतरण्याच्या शब्दांवर कधीच रागावली नव्हतीस, फक्त माझ्यावर.

तुला एक सांगायचं आहे. जेवणानंतर बसले ते आता दिवस कलला. तीन कागद फाडले. आज होत नाही. दमले आहे, आणि हे दमल्यामुळे आहे की भ्यायल्यामुळे, हे मलाही नक्की सांगता येणार नाही.

तोवर एकच कर. जबड्याखाली स्वतःच्याच बोटांनी चाचपून बघ. कुणाला सांगू नकोस, तुझा नियम राहू दे. फक्त बघ.

एड्ला

कोर्रेगो फुंदो, रविवार, ११ जानेवारी १९९८

हुल्डा,

मी एकही नियम मोडला नव्हता.

हे वाक्य लिहायला मला बारा वर्षं आणि वर आठ आठवडे लागले. आता लिहिलंय, तर बाकीचंही लिहिते.

बाबांनी मला मंतरण्याचे शब्द दिले तेव्हा मी बावीस वर्षांची होते, तू एकोणीसची. पुरुषाकडून बाईला, बाईकडून पुरुषाला, एवढाच कायदा. बाबांना दोन मुली होत्या आणि त्यांनी माझं नाव घेतलं. कॉफीच्या गोदामात दार लावून त्यांनी तीन संध्याकाळी ते माझ्याकडून पाठ करून घेतले. तू बाहेर बादली घेऊन उभी होतीस. फटीतून तुझा घागरा दिसत होता. नंतर आठवडाभर तू माझ्याशी बोलली नाहीस. तुला वाटलं मला काहीतरी फार मोठं मिळालं. मलाही तसंच वाटलं. हुल्डा दिसायला चांगली, हुल्डाला मागणी येते, हुल्डाचं लग्न ठरतं. माझ्याकडे ते शब्द होते.

एव्हाल्डो पहिल्यांदा आला तो सप्टेंबर चौऱ्याऐंशीत. उजव्या कानाच्या कडेवर कॉफीच्या टरफलाएवढी खपली. तीन शुक्रवार झाले आणि ती पडली, खाली नवी गुलाबी कातडी. तो खूश, मी त्याहून खूश. त्या दिवशी मी गाय धुताना गात होते. नाताळपर्यंत ती परत आली, मोठी होऊन. मग परत तीन शुक्रवार. मग परत.

तो नियम अगदी काटेकोर पाळायचा. नमस्कार नाही, आभार नाहीत, बोलणं नाही, स्टुलावर बसून टोपी काढायची, झालं की मागे न बघता निघायचं. मीही पाळले. उपाशी राहिले, सूर्याच्या आधी केलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. बरं होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी शिकवलं होतं. बरं झालंच नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

ईस्टरच्या सुमाराला आरोग्य केंद्रातली नर्स मला बाजारात भेटली. तिने एव्हाल्डोला पाहिलं होतं. तो कान विटोरियाला गेला पाहिजे, म्हणाली, लवकर. तू सांग, तुझं तो ऐकतो. मी हो म्हटलं. आणि सांगितलं नाही.

डॉक्टरकडे जायचं नाही असा नियम नाही, हुल्डा. बाबांच्या नियमांत तो नव्हताच. तो मी घातला. मंतरणं चालू असताना त्याला डॉक्टरकडे जा म्हणणं म्हणजे माझाच शब्दांवर भरवसा नाही असं होतं. आणि ते शब्द पोकळ निघाले असते तर माझ्याकडे काय उरत होतं?

जूनमध्ये एका शुक्रवारी तो बोलला. एकदाच. स्टुलावर बसून, टोपी गुडघ्यावर, माझ्याकडे न बघता.

“एड्ला, कमी होतंय का गं?”

कमी होत नव्हतं. मला दिसत होतं. कानाची वरची कड राहिली नव्हती आणि मानेत सुपारीएवढं काहीतरी हाताला लागत होतं.

मी ओठांवर बोट ठेवलं. बोलायचं नसतं म्हणून. तो ओशाळला, त्याने मान हलवली, जणू चूक त्याचीच होती. नोव्हेंबरात आपण त्याला पुरलं.

आता त्या दिवसाचं. लोक बाहेर जेवत होते. तू स्वयंपाकघरात मला भिंतीशी धरलंस आणि विचारलंस, कुणाला बोललीस का? तुला काही कारण हवं होतं. शब्द खोटे आहेत हे तुझ्या मनातही आलं नव्हतं. तुला एवढंच हवं होतं की कुणीतरी ते मोडले. मी तुझ्याकडे पाहिलं आणि मला वाट दिसली. मी म्हटलं, हो, पास्टरबाईंना, एकदा तोंडून निघून गेलं. पास्टर आणि त्यांची बायको महिन्यापूर्वीच बदली होऊन दक्षिणेला गेले होते. विचारायला कुणी नव्हतं.

मी खोटं बोलले. मी पास्टरबाईंना काही बोलले नव्हते. कुणालाच बोलले नव्हते. सैल तोंडाची बाई होणं मला सोपं गेलं. त्यात बाबांचे शब्द शाबूत राहत होते आणि मीही थोडी शाबूत राहत होते. एक लहान चूक कबूल केली आणि मोठी तिच्याखाली पुरून टाकली.

मला वाटलं होतं त्याचं नुकसान फक्त मला आहे. तू जाशील, बोलणार नाहीस, तेवढी शिक्षा मी घेईन. त्या खोट्यावर विसंबून तू एक दिवस स्वतः स्टुलावर जाऊन बसशील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तोंड घट्ट मिटलं की पुरे, एड्लाने उघडलं म्हणून तो गेला, असं तू धरून बसली आहेस. तोंड मिटलेलंच होतं, हुल्डा. त्याचंही, माझंही. सगळं अगदी बरोबर केलं होतं. तरी तो गेला.

राग धरायचा तर धर. पण खऱ्या गोष्टीचा धर. त्या बोटाचा धर.

हे वाचून तू माझं आता काहीच ऐकणार नाहीस, हे मला कळतंय. जासीराबाईंना मी हे सगळं नाताळच्या आधी सांगितलं, फोनवर, दुकानातून. मग म्हणाल्या, कबुली वेगळी आणि बहीण वेगळी, आधी बहिणीचं बघा. मी विचारलं, चौदा महिने म्हणजे उशीर झाला का? म्हणाल्या, न बघता सांगता येत नाही, पण ते केसांत शिरलंय तर आता एक आठवडासुद्धा मोठा आहे. गाठ नसेल तर कापून संपेल. असेल तर जास्त कापावं लागेल, पण तरी वाट असते. कान थोडा लहान होईल. इथे चर्चमध्ये पुरुषांच्या बाकांवर निम्मे कान लहान आहेत, गुरांना खूण करावी तसे. नवे पास्टर म्हणतात, प्रवचन ऐकायला उरलेला पुरतो.

म्हातारा बोल्ट चांगला माणूस असेल. त्याला त्याच्या मावशीने शब्द दिले, असं लेओनीने आडून आडून काढलंय. आपल्याच खोऱ्यातले असतील, कदाचित बाबांचेच. त्याचा काही दोष नाही. मीही अजून मंतरते. धावरं झालं की लोक येतात, चामखिळीला येतात, गाईच्या जखमेत किडे पडले तर येतात. मी नाही म्हणत नाही. त्यांना बरं वाटतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. पण आता मंतरून झालं की त्यांना तसंच बसवते, दिव्याखाली कान, मान, ओठ बघते आणि वही काढून डॉक्टरांच्या यादीत नाव घालते. मागच्या वर्षी राइनोल्डोने सही करायला नकार दिला, तर त्याच्या बायकोने केली आणि त्याला बैलासारखं ओढत आणलं. त्याचं ओठाचं निघालं. तो अजून तिच्यावर रुसलाय, जिवंत आहे आणि रुसलाय.

लेओनीने काकोआलला जाऊन चौकशी केली आहे. एकटी गेली, बसने, तुला शाळेत जादा तास आहे सांगून. तिथल्या दवाखान्यात कातडी बघणारे डॉक्टर फक्त गुरुवारी बसतात. सकाळी सातला नंबर लावावा लागतो. ती लावेल. तुला फक्त जाऊन बसायचं आहे आणि रुमालाची गाठ सोडायची आहे. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, ती बोलेल.

शुक्रवार सोड असं मी म्हणत नाही. ते म्हणण्याचा हक्क मला नाही आणि तू सोडणारही नाहीस. जा म्हाताऱ्याकडे, उपाशी जा, मागे बघू नकोस, हवे तितके शुक्रवार जा. फक्त येत्या शुक्रवारच्या आधीचा गुरुवार मला दे.

तू देणार नाहीस. तरी मागते.

एड्ला